शीघ्रफुलोरी मादी गांजा

ज्या संकरित वाणाच्या बियांतून जवळजवळ सर्व मादी झाडे निघतात आणि ज्याचा फुलोरा नेहमीच्या वाणांपेक्षा एक-दोन आठवडे आधी पक्व होतो, असा गांजाचा (कॅनाबिस सटायव्हा) वाण. घरगुती लागवडीसाठी तो विशेष पसंत केला जातो. मादीपण आणि शीघ्रता हे गुण एकाच बियाण्यात विकले जात असले, तरी त्यांची मुळे वेगवेगळी आहेत.

गांजा ही विभक्तलिंगी, म्हणजे नर आणि मादी फुले वेगवेगळ्या झाडांवर येणारी वनस्पती आहे. मादी झाडात दोन एक्स, तर नरात एक्स आणि वाय गुणसूत्रे असल्याने साध्या बियाण्यातून सुमारे निम्मी झाडे नर निघतात. राळ स्रवणारे ग्रंथियुक्त केस मादी फुलांच्या छदांवर (फुलालगतच्या लहान पानांवर) सर्वांत दाट असतात, आणि परागण होताच झाडाची शक्ती बी धरण्याकडे वळते. म्हणून नर झाडे वेळीच उपटण्याची रीत फार जुनी आहे. बंगालमध्ये हे काम करणाऱ्या खास जाणकारांची नोंद १८९३-९४ च्या सरकारी चौकशी आयोगाने घेतली होती. मादी बियाण्यामुळे ही निवड बहुतांशी टळते. चांदीच्या संयुगांनी एथिलीन या वनस्पती-संप्रेरकाची क्रिया रोखली की मादी झाडावरही नर फुले येतात; त्यांच्या परागकणांत वाय गुणसूत्र नसल्याने पुढची संतती मादीच होते. दिल्ली विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ एच. वाय. मोहन राम आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८२ मध्ये या परिणामाचे वर्णन प्रसिद्ध केले.

शीघ्रता येते ती रुडरॅलिस या, दिनमानावर अवलंबून न राहता वयानुसार फुलणाऱ्या प्रकाराशी केलेल्या संकरातून. तो गुण अप्रभावी, म्हणजे दोन्ही पालकांकडून आला तरच प्रकटणारा असल्याने पहिल्या पिढीतील झाड आपोआप फुलत नाही. रात्र पुरेशी लांब झाल्यावरच त्याला फुलोरा येतो, मात्र तो लवकर आटोपतो. स्वयंफुलोरी वाण आणि हा वाण एकच समजण्याची चूक सर्रास होते. थंड प्रदेशात शरदातील पाऊस आणि करडी बुरशी येण्याआधी काढणी साधते, हा या वाणाचा खरा फायदा. त्याच्या झाडांपासून धरलेल्या बियांत मात्र गुण विखुरतात आणि काही झाडे स्वयंफुलोरी निघतात.

मादीपणाची हमीही पूर्ण नसते. पेरांपाशी दोन पांढरे तंतू दिसले तर फूल मादी, देठावर लोंबती गोल कळी दिसली तर नर; काळोखाच्या तासांत वारंवार उजेड शिरला किंवा झाडावर अन्य ताण आला, तर एकाच झाडावर दोन्ही दिसू शकतात. पराग वाऱ्याने पसरत असल्याने अशी थोडी नर फुलेही आसपासच्या फुलोऱ्यात बी धरण्यास पुरेशी ठरतात.

घरगुती लागवडीचे कायदे देशोदेशी भिन्न आहेत. कॅनडात २०१८ पासून बहुतेक प्रांतांत प्रत्येक घराला चार, तर जर्मनीत २०२४ पासून प्रत्येक प्रौढ व्यक्तीला तीन झाडांची मुभा आहे. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार विनापरवाना लागवड हा गुन्हा आहे.