सहा महिन्यांनी परत या

शुक्रवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला माझी धाकटी बहीण रिपोर्टचं पाकीट घेऊन थेट माझ्याकडे आली. डॉक्टर भेटणार होते सोमवारी. दोन दिवस ते पाकीट न उघडता कोण ठेवेल? ओट्यावरची भांडी बाजूला सारून आम्ही दोघी कागद वाचायला लागलो. उजवा स्तन, ‘१० वाजता’, ११ बाय ६ मिलिमीटरची गाठ, आकार अंडाकृती, कडा स्पष्ट. दहा वाजता ही तिला तपासणीची वेळ वाटली. खरं तर स्तन म्हणजे घड्याळाची तबकडी आहे असं मानून गाठीची जागा सांगायची ती पद्धत आहे. सगळ्यात खाली एकच ओळ होती: बायरॅड्स ३, सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. तिने कागद उलटून मागची बाजूही पाहिली आणि विचारलं, “ताई, कॅन्सर नाही असं यात कुठे लिहिलंय?”

कुठेच लिहिलेलं नव्हतं. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ते तसं लिहिताही येत नाही, आणि का येत नाही हे कळलं तर त्या एका ओळीची भीती बरीच उतरते.

सोनोग्राफीचं यंत्र ध्वनिलहरी आत सोडतं आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनींवरून चित्र काढतं. मॅमोग्राफी म्हणजे क्ष-किरणांनी पडलेली सावली. दोन्हींत गाठीचा आकार दिसतो, कडा दिसतात. आत पाणी आहे की घट्ट मांस आहे हे सोनोग्राफीत दिसतं. पेशी मात्र दिसत नाहीत आणि कर्करोगाचा निवाडा पेशींवरच होतो. म्हणून रेडिओलॉजिस्ट गाठीच्या वागण्याचा माग काढतात. तरुण बायकांमध्ये सर्रास आढळणारी फायब्रोअ‍ॅडिनोमाची निरुपद्रवी गाठ शेजारच्या ऊतींना फक्त बाजूला ढकलते, म्हणून तिची कड गुळगुळीत असते. ती ऊतींच्या थरांना समांतर, आडवी पसरते आणि बोटाखाली इतकी सहज सरकते की इंग्रजीत तिला चक्क ‘छातीतला उंदीर’ म्हणतात. कर्करोगाची गाठ शेजाऱ्यांत घुसते. तिची कड दातेरी, अस्पष्ट होते आणि बऱ्याचदा ती थर ओलांडून उभी वाढते. बहिणीच्या रिपोर्टमधलं ११ बाय ६ म्हणजे रुंदी जास्त, उंची कमी. एवढ्या दोन आकड्यांतही दिलासा होता, पण तो वाचायला आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

पूर्वी प्रत्येक डॉक्टर रिपोर्ट आपापल्या शब्दांत लिहायचे. एकाचं ‘थोडं संशयास्पद’ दुसऱ्याला ‘ठीक आहे’ वाटू शकायचं. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने १९९३ मध्ये बायरॅड्स ही श्रेणींची पद्धत आणली आणि आज आपल्याकडचे रिपोर्टही त्याच भाषेत येतात. हे आकडे कर्करोगाच्या स्टेज नव्हेत, हे मी शक्य तितक्या मोठ्याने सांगू इच्छिते, कारण ‘३ म्हणजे तिसरी स्टेज का हो?’ असं विचारत रात्रभर जागलेल्या बायका मला माहीत आहेत. ० म्हणजे माहिती अपुरी, आणखी फोटो किंवा जुन्या फिल्म हव्यात. १ म्हणजे काही आढळलं नाही. २ म्हणजे काहीतरी आहे पण ते निरुपद्रवी आहे. ३ म्हणजे बहुधा निरुपद्रवी, कर्करोगाची शक्यता २ टक्के किंवा त्याहून कमी. ५ मध्ये ती ९५ टक्क्यांच्या वर जाते आणि ६ म्हणजे बायोप्सीने, म्हणजे सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासून, आधीच सिद्ध झालेला कर्करोग. मधली ४ फार लांबरुंद आहे, २ पासून ९५ टक्क्यांपर्यंत. म्हणून तिचे तुकडे केलेत: ४ए मध्ये २ ते १० टक्के, ४बी मध्ये १० ते ५०, ४सी मध्ये ५० ते ९५. नुसतं ‘४’ लिहून आलं असेल तर ए, बी की सी हे जरूर विचारावं. ४ए आलेल्या १०० जणींपैकी किमान ९० जणींची बायोप्सी साधी निघणार, आणि त्यांना ते आधी सांगायला हवं.

हे २ टक्के कोणी हवेतून काढलेले नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोमधले रेडिओलॉजिस्ट एडवर्ड सिकल्स यांनी मॅमोग्राफीत ‘बहुधा निरुपद्रवी’ दिसलेल्या ३,१८४ जागांचा लागोपाठ पाठपुरावा केला आणि १९९१ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांतल्या १७ कर्करोग निघाल्या, म्हणजे जेमतेम अर्धा टक्का. आणि त्या १७ ही जागा पाठपुराव्यात लक्षात आल्या तेव्हा सुरुवातीच्याच टप्प्यात होत्या. थांबल्यामुळे हात चोळत बसायची वेळ आली नाही, हे त्या अभ्यासाचं खरं मोल. त्या जागा हाताला न लागणाऱ्या होत्या. हाताला लागणाऱ्या गाठींवर तसे अभ्यास नंतर झाले.

मग बहिणीने तो प्रश्न विचारला जो मीही विचारला असता: “सहा महिनेच का? पुढच्या महिन्यात का नाही बघत?”

इथे थोडं गणित करू. गाठ गोल धरू आणि समजू की ती वाईट आहे, सहा महिन्यांत तिचं आकारमान दुप्पट होतं. आकारमान दुप्पट झालं तरी व्यास दुप्पट होत नाही, तो साधारण सव्वापट होतो. म्हणजे ११ मिलिमीटरची गाठ सहा महिन्यांनी १४ च्या आसपास जाईल. हा फरक पडद्यावर दिसतो. पण एका महिन्याने? ती जेमतेम ११.४ होईल. सोनोग्राफी करणाऱ्याने प्रोब (अंगावर फिरवायचा यंत्राचा भाग) थोडा तिरका धरला, दाब थोडा जास्त दिला, तरी एवढा फरक पडतो. महिन्याभराने बघितलं तर वाढलेली गाठ न वाढल्यासारखी वाटेल, किंवा न वाढलेली वाढल्यासारखी, आणि दोन्हींत नुकसान तुमचंच. सहा महिन्यांत मात्र खरी वाढ मापात दिसण्याइतकी मोठी होते. व्यासात २० टक्क्यांहून जास्त वाढ दिसली तर सहसा सुई लावून तपासतात. सहा महिने, बारा महिने, चोवीस महिने असं पाहत दोन वर्षं गाठ जागची हलली नाही, तर ३ ची २ होते.

मला हे समजलं तेव्हा ‘थांबून बघू’ या शब्दांचा अर्थच माझ्यासाठी बदलला. तोवर मला ती टाळाटाळ वाटायची. इथे वेळ हीच तपासणी आहे. फोटोत जे दिसू शकत नाही, म्हणजे पेशींचा स्वभाव, ते काळ दाखवतो.

तरीही मन ऐकत नाही, आणि त्यात मनाचा दोष नाही. २०१६ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ४५ जणांना संगणकावर एक खेळ खेळायला लावला. दगड उलटायचे, खाली साप निघाला तर हाताला विजेचा दुखरा झटका. सापाची शक्यता सतत बदलत राहायची. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजल्या तर ताण सर्वांत जास्त केव्हा होता? झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना नव्हे, तर शक्यता पन्नास-पन्नास असताना. माहीत नसणं हेच शरीराला जास्त छळतं. शुक्रवार ते सोमवार माझी बहीण जेवली नाही. ती घाबरट आहे म्हणून नव्हे, मेंदू असाच बांधलेला आहे म्हणून.

आणि त्या दोन दिवसांत तिच्या डोक्यात ‘आहे किंवा नाही’ असे दोनच पर्याय होते, म्हणजे तिच्या मनाने आपोआप पन्नास-पन्नास धरलेलं. म्हणून मी कागदावर १०० ठिपके काढले आणि दोन रंगवले. “तुझ्यासारखा रिपोर्ट आलेल्या शंभर जणी. त्यांतल्या जास्तीत जास्त दोन.” ती बराच वेळ त्या न रंगवलेल्या ठिपक्यांकडे बघत राहिली. टक्केवारीने जे झालं नव्हतं ते ठिपक्यांनी थोडंफार झालं.

पण प्रत्येक गाठीला थांबणं लागू नाही, हेही तितक्याच जोराने सांगते. त्वचेला खळी पडली, तिच्यावर संत्र्याच्या सालीसारखी छिद्रं दिसू लागली, बोंड आत ओढलं गेलं, त्यातून रक्त आलं, काखेत गाठ लागली, तर एक आठवडाही दवडू नका. गाठ दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, बहुतेक कर्करोगाच्या गाठी सुरुवातीला दुखत नाहीत. मॅमोग्राफी ‘नॉर्मल’ आली पण हाताला गाठ लागतेच आहे, तर तिथेही विषय संपत नाही. दाट स्तनात ऊती पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच, त्यामुळे काही गाठी लपून राहतात. म्हणून डॉक्टरांचा हात, फोटो आणि गरज पडली तर सुई, या तिन्हींचा मेळ बसवतात. हाताचं महत्त्व आपल्या मुंबईनेच जगाला दाखवलं. टाटा मेमोरियलच्या अभ्यासात दीड लाखांहून अधिक स्त्रिया होत्या. त्यांतल्या एका गटाची प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करत. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये निष्कर्ष आले: या गटात कर्करोग आधीच्या टप्प्यावर सापडले आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. सगळ्या वयांचा एकत्र हिशेब केला तर मात्र मृत्यूंतली घट खात्रीने म्हणण्याइतकी नव्हती.

‘सुई लावली की पसरतो’ ही भीती अजून घरोघरी आहे. ती मनातून काढून टाका. बायोप्सीने आजार बळावत नाही. ती टाळल्याने मात्र महिने वाया जातात. आणि ३ असूनही ज्यांना थांबणं अजिबात झेपत नाही, घरात आई-बहिणीला हा आजार झालाय किंवा बाळाचा विचार चाललाय, त्यांनी सुई आत्ताच लावायची का हे डॉक्टरांना खुशाल विचारावं. तो विचारण्याजोगाच प्रश्न आहे.

सोमवारी बहीण तीन प्रश्न लिहून घेऊन गेली: पुढची तारीख कोणती, तोवर काय दिसलं तर मध्येच यायचं, आणि पुढच्या वेळी याच सेंटरमध्ये, याच फिल्म घेऊन जायचं ना? डॉक्टरांनी तिन्हींची उत्तरं दिली. तिने तारखेवर कॅलेंडरमध्ये लहानसा गोल केला आणि इतर दिवशी त्याबद्दल बोलायचं नाही असं घरात सांगितलं. काही दिवस ते जमलं, काही दिवस नाही.

सहा महिन्यांनी माप आलं ११ बाय ६. अजून दोन फेऱ्या बाकी आहेत.