साचा आणि साचलेपण: ‘सीआयडी’च्या एका जुन्या प्रेक्षकाची तक्रार

शुक्रवारी रात्री ‘सीआयडी’ लागली की आमच्या घरात जुन्या लाइट बिलांच्या कोऱ्या बाजूचे तुकडे फाडले जात. दुसऱ्या ब्रेकला प्रत्येकानं खुन्याचं नाव लिहायचं, घडी घालून काकूच्या पितळी डब्यात टाकायचं आणि भाग संपला की डबा उघडायचा. ज्याचं नाव बरोबर निघेल त्याची शनिवारच्या दुधाच्या रांगेतून सुटका. काकू त्या रांगेत क्वचितच दिसली. तिची युक्ती मी पुष्कळ वर्षांनी विचारून घेतली. म्हणाली, “रडणाऱ्याला सोड. पाणी आणून देणारा बघ. मेलेल्याच्या घरात पेला कुठं, माठ कुठं, हे ज्याला न विचारता सापडतं, तो.”

ही मालिका बिघडली असं मी म्हणालो की ऐकणारा हसतो. “बिघडली म्हणजे? पहिल्यापासून तशीच होती की. मुडदा, लॅब, दरवाजा, थप्पड. वीस वर्षं तेच तर बघत होतास.” म्हणणं खोटं नाही, म्हणूनच जास्त राग येतो. तेच बघायला तर आम्ही बसत होतो! पण ‘तेच ते’ दोन जातींचं असतं. एक साचा आणि दुसरं साचलेपण. नावं सख्ख्या भावंडांसारखी, लांबून चेहरेही सारखे, त्यामुळे भल्याभल्यांची गफलत होते. मालिका पुन्हा सुरू करणाऱ्यांचीही तीच झाली, असं माझं मत आहे.

साचा म्हणजे काय ते पेणच्या गणपती कारखान्यात नीट कळतं. एकाच साच्यातून ओळीनं मूर्ती निघतात. सोंड, पोट, आसन, सगळं सारखं. डोळ्यांची आखणी मात्र साच्यातून येत नाही, ती मुरलेला कारागीर हातानं करतो. एकाच साच्यातल्या वीस मूर्ती समोर ठेवल्या तरी माणसं नेमकी एकीपाशी थांबतात आणि “हिचे डोळे बघ” म्हणतात. बाकीचं अंग साच्यानं सांभाळलं, म्हणून कारागिराला सगळा जीव डोळ्यांत ओतता येतो.

‘सीआयडी’चं तसंच होतं. २१ जानेवारी १९९८ ला ती सोनीवर सुरू झाली. करणारे बी. पी. सिंग. त्यांनीच आधी मुंबई दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ केली होती आणि तिच्यातही शिवाजी साटम होते, त्यामुळे मराठी घरांना हा हात ओळखीचा होता. ही अमेरिकेच्या ‘सीएसआय’ मालिकेची नक्कल, असं छातीठोकपणे सांगणारा प्रत्येक गप्पांत एक असतोच. ‘सीएसआय’ सुरू झाली ऑक्टोबर २००० मध्ये. तोवर आपले साटम, म्हणजे एसीपी प्रद्युम्न, पावणेतीन वर्षं बोटं फिरवत होते.

मालिकेचा साचा कुणालाही तोंडपाठ. प्रेत सापडतं. अभिजीत प्रश्न विचारतो, दया दार उघडतो, फ्रेडरिक्स घाबरून वातावरण हलकं करतो. डॉ. साळुंखे आणि एसीपी यांची प्रयोगशाळेत तू-तू मैं-मैं होते. पहिला संशयित निर्दोष निघतो, दुसराही निघतो, आणि मग घरातलाच कुणीतरी सापडतो. खऱ्या महाराष्ट्र सीआयडीचं मुख्यालय पुण्यात आहे आणि मुंबईतल्या खुनांचा तपास मुंबई पोलीस करतात, हे आम्हाला मोठेपणी कळलं. कळूनही काही बिघडलं नाही. साचा खरा नसला तरी चालतो, पक्का असावा लागतो.

पक्का होता म्हणूनच आमच्या चिठ्ठ्यांचा खेळ चालायचा. अभिजीत खुनी नाही, पुढच्या शुक्रवारीही हीच मंडळी असणार, आणि सुगावा आपल्या डोळ्यांदेखत कुठंतरी ठेवलेला आहे, हे ठाऊक असल्याशिवाय नाव लिहिणार कसं? साळुंखेंची प्रयोगशाळासुद्धा तेव्हा बहुधा उत्तर न देता गाठ मारून द्यायची. मृत्यूची वेळ आणि नोकराची जबानी जुळत नाहीत, एवढंच सांगायची. गाठ सोडवायची अभिजीतनं, आणि त्याच्या आधी जमलं तर काकूनं.

साच्यात किती जागा असते याचा कळस २००४ मध्ये झाला. ‘द इनहेरिटन्स’ हा भाग लोणावळ्यात एकाच शॉटमध्ये चित्रित केला होता, १११ मिनिटं, मध्ये एकही कट नाही. गिनीजमध्ये त्याची नोंद झाली. माणसं तीच, चौकशी तीच, पण कॅमेरा थांबणार नाही म्हटल्यावर त्याच चौकशीला घाम फुटला होता. तो भाग बघताना ब्रेकमध्येसुद्धा आमच्याकडे कुणी उठलं नाही.

आता साचलेपण. त्यासाठी दरवाजा घेऊ, कारण तो सगळ्यांना आठवतो.

आधीच्या वर्षांत दार तोडायला कारण लागायचं. बेल वाजवली, हाक मारली, आतून उत्तर नाही, शेजारीण म्हणते काल रात्रीपासून दिवा चालू आहे. मग एसीपी दयाकडे बघायचे. तोपर्यंत त्या दारामागं काय असेल याचं चित्र आपल्या डोक्यात तयार झालेलं असायचं, म्हणून दाराचा आवाज पोटात जाणवायचा. पुढं पुढं दार तुटायचं ते दया हजर आहे म्हणून. कडी न लावलेली दारंसुद्धा खांद्यानं उघडली जात असावीत अशी मला शंका आहे. “दया, दरवाजा तोड दो” हे वाक्य विनोद म्हणून गावभर झालं. २०१४ मध्ये एका गाजलेल्या हिंदी चित्रपटानं दयाचं काम करणाऱ्या दयानंद शेट्टींना तेच वाक्य ऐकवून थिएटरात टाळ्या वसूल केल्या. लोक आपल्यावर हसतात हे कळल्यावर मालिकेनंही त्या हशासाठी लिहायला सुरुवात केली, असं मला वाटतं. आधी गोष्ट असायची आणि तिच्यात दार यायचं. आता दार ठरलेलं, गोष्ट त्याच्याभोवती चिकटवलेली.

प्रयोगशाळेचंही तेच झालं. गाठ मारणारी प्रयोगशाळा थेट उत्तर छापून देऊ लागली. नळीत रंगीत पाणी उकळायचं, संगणकावर चेहऱ्यामागून चेहरे फिरायचे, एकावर येऊन थांबायचे, की झाला खुनी. कधीकधी हा खुनी त्याआधी पडद्यावर आलेलाच नसायचा. काकूला पाणी आणून देणारा दाखवलाच नाही तर तिनं बघायचं काय? आमच्या डब्यात चिठ्ठ्या कमी होत गेल्या आणि एका वर्षी डबा परत हळदीकडे गेला. तक्रार कुणीच केली नाही. मालिका चालूच राहायची, जेवताना.

असं का झालं, याचा थोडा हिशेब आकड्यांतच आहे. २७ ऑक्टोबर २०१८ ला मालिका थांबली तेव्हा १५४७ भाग झाले होते. वीस वर्षं नऊ महिन्यांत एवढे, म्हणजे वर्षाला सरासरी पंचाहत्तरच्या आसपास. सुरुवातीला एकच केस दोन-दोन भाग चालायची, त्यामुळे लेखकाला श्वास घ्यायला वेळ मिळायचा. पुढं दर भागाला नवा खून आणि आठवड्याला एकाहून जास्त भाग. इतके खून सुचणं माणसाच्या हातातलं काम नाही. मग झपाटलेले बंगले येतात, शाप येतात, आणि शेवटी भुताच्या मुखवट्याआड पुतण्या निघतो.

पण नुसत्या संख्येवर खापर फोडून भागत नाही. ‘लॉ अँड ऑर्डर’ अमेरिकेत १९९० पासून २०१० पर्यंत सलग वीस हंगाम चालली आणि २०२२ मध्ये परत आली. अर्धा वेळ पोलीस, अर्धा वेळ कोर्ट, हा साचा तिनं सोडला नाही. चेहरे मात्र येत-जात राहिले. नवा माणूस आला की त्याच जुन्या जागी तो वेगळा प्रश्न विचारतो. आपल्याकडे उलट झालं. साटम, अभिजीत झालेले आदित्य श्रीवास्तव, दयानंद शेट्टी वर्षानुवर्षं तेच, आणि आमचं त्यांच्यावर प्रेमही त्यासाठीच. पण चेहरे हलत नाहीत तेव्हा त्यांच्या सवयीच गोष्टीची जागा घेतात. बोटं फिरणं, भुवई उंचावणं, “कुछ तो गडबड है” म्हणणं. म्हणजे साचलेपणाला थोडं आमचं प्रेमही जबाबदार. हे लिहायला जिवावर येतं, पण आहे.

आणखी एक आक्षेप मी स्वतःच स्वतःवर घेऊन पाहिला. मालिका तशीच असेल, मीच मोठा झालो असेन. लहानपणीची चिंच नंतर कुठं तेवढी आंबट लागते? म्हणून यूट्यूबवरचे अगदी सुरुवातीचे काही भाग काढले. चित्र धूसर, पार्श्वसंगीत कानठळ्या बसवणारं, कॅमेरा उगाच माणसांच्या नाकापर्यंत जाणारा. तरीही अर्ध्यावर थांबवून तीनदा खुन्याचं नाव लिहिलं आणि तीनपैकी दोनदा हरलो. हरलो याचा इतका आनंद झाला की बायकोनं आतून विचारलं, काय झालं म्हणून. पुढं शेवटच्या काही वर्षांतले भाग लावले. त्यांत हरण्याचीसुद्धा सोय नव्हती. म्हणजे वयाचा दोष नाही, किमान सगळा नाही.

दोन्ही ओळखायची माझी रीत सोपी आहे. भागातून एसीपी, दया, अभिजीत काढून टाका आणि त्यांच्या जागी नाव-गाव नसलेले तीन हवालदार ठेवा. उरलेला खून बघावासा वाटला तर तो साचा. खून उरलाच नाही, नुसती तीन रिकामी माणसं बोटं फिरवत उभी राहिली, तर पाणी साचलेलं आहे.

आता पुनरागमनाबद्दल. २१ डिसेंबर २०२४ ला मालिका परत आली, तेव्हा मी कॅलेंडरवर खूण केली होती. फ्रेडरिक्स नव्हते. ते काम करणारे दिनेश फडणीस ५ डिसेंबर २०२३ ला गेले, आणि त्यांच्या भित्र्या विनोदाची जागा कुणी भरेल अशी अपेक्षाही नव्हती. पण सुरुवातीलाच अभिजीत दयावर गोळी झाडतो! लोक ‘तेच ते’ला कंटाळलेत हे निदान नव्या मांडणीनं बरोबर केलं होतं. इलाज मात्र चुकीच्या दुखण्यावर चालला. साचलेलं पाणी उपसायचं सोडून त्यांनी साचाच फोडला. जे दोघं एकमेकांवर संशय घेणार नाहीत या भरवशावर बाकी सगळ्यांवर संशय घेता येत होता, त्यांनाच समोरासमोर उभं केलं. एप्रिल २०२५ मध्ये तर एसीपी प्रद्युम्न बॉम्बस्फोटात मारले गेले. खलनायक बार्बोसाच्या भूमिकेत तिग्मांशू धूलिया. नवे एसीपी आयुष्मान म्हणून पार्थ समथान आला. पुढं लोकांची नाराजी बघता बघता प्रद्युम्न जिवंत होऊन परतलेही.

मरण आणि पुनर्जन्म या दोन्हींनी साधलं काय? एसीपी मरू शकतात हे एकदा दाखवलं की पुढच्या प्रत्येक भागात लक्ष खुनावरून उडून ‘आता कोण जाणार’ यावर बसतं. आणि मेलेले एसीपी परतू शकतात हे दाखवलं की कुठल्याच मरणाचं वजन उरत नाही. गुन्हेकथेत मरणालाच वजन नसेल तर दुकानात राहिलं काय! एवढं होऊनही प्रयोगशाळा तशीच उत्तरं छापत होती आणि दार तसंच विनाकारण तुटत होतं. भिंती पाडल्या आणि डबकं तेवढं जपून ठेवलं.

मागच्या पावसाळ्यात काकू आमच्याकडे राहायला आली होती. आता तिला नीट दिसत नाही, पण आवाजावरून माणूस ओळखते. मी नेटफ्लिक्सवर नव्यातला एक भाग लावला. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, “अरे, ब्रेक कधी व्हायचा?” यात ब्रेक नसतो म्हटलं, आणि मीच थांबवला. विजेचं बिल आता मोबाइलवर येतं, म्हणून औषधाच्या पावतीचा मागचा भाग फाडून तिच्या हातात दिला. तिनं पेन बराच वेळ कागदावर टेकवून ठेवलं, मग काहीतरी लिहून घडी घातली. डबा नव्हता, चिठ्ठी तिच्या चष्म्याच्या घरात ठेवली.

भाग संपला तेव्हा ती खुर्चीतच झोपली होती. मी चिठ्ठी उघडली. मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘कुणीही’.