अन्नविषबाधेची साथ आणि तिचा शोध (नाशिक जिल्हा)

एकाच ठिकाणचे अन्न किंवा पाणी पोटात गेल्यावर दोन किंवा अधिक माणसांना सारखाच आजार झाला, तर त्याला अन्नविषबाधेची साथ म्हणतात. नाशिक जिल्ह्यात अशा साथीला वाव देणाऱ्या जागा पुष्कळ आहेत: लग्नसराईतल्या पंगती, भंडारे, आश्रमशाळांची वसतिगृहे, सप्तशृंगगडाची चैत्रयात्रा, त्र्यंबकेश्वरची निवृत्तिनाथांची पौषातली यात्रा.

पहिली खबर बहुधा आशाताई, आरोग्यसेवक किंवा गावातल्या खासगी डॉक्टरांकडून प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचते. उपचार लगेच सुरू होतात, पण शोधाची सुरुवात होते ती रुग्ण कोणाला म्हणायचे हे ठरवण्यापासून. ‘रविवारच्या पंगतीत जेवलेली आणि त्यानंतर ४८ तासांत उलटी किंवा तीन वा अधिक जुलाब झालेली व्यक्ती’, अशी काटेकोर व्याख्या लागते. ती नसेल तर ज्याचे पोट एरवीच बिघडले होते तोही यादीत येतो. मग प्रत्येक रुग्णाचे वय, पत्ता, जेवणाची वेळ, पहिल्या लक्षणाची वेळ आणि ताटात काय काय घेतले याची नोंद होते.

इथे एक गोष्ट हमखास राहून जाते आणि सगळा शोध तिच्यावर उभा असतो: आजारी न पडलेल्यांनाही तेच प्रश्न विचारणे. समजा, एका भंडाऱ्यात २०० जण जेवले आणि ६४ आजारी पडले. त्यांतल्या ६१ जणांनी वरणभात खाल्ला होता, ६० जणांनी बासुंदी. नुसते रुग्ण पाहिले तर वरणभातावरच बोट जाते. पण एकूण वरणभात खाल्ला होता १९० जणांनी, म्हणजे त्यांच्यात आजाराचे प्रमाण ३२ टक्के. न खाणाऱ्या १० जणांपैकी ३ आजारी, म्हणजे ३० टक्के. फरक जवळपास नाहीच. बासुंदी खाणारे १२० होते, त्यांच्यात प्रमाण ५० टक्के. न खाणाऱ्या ८० जणांत अवघे ४ आजारी, ५ टक्के. बासुंदी खाणाऱ्याला धोका दहापट. या टक्केवारीला अटॅक रेट म्हणतात. लंडनमध्ये १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटच्या हातपंपाचा संशय घेणाऱ्या जॉन स्नोलाही शेजारच्या मद्यनिर्मिती कारखान्यातले कामगार कॉलऱ्यापासून कसे वाचले, हे विचारावेसे वाटले होते. ते बिअर पीत, आणि कारखान्याची विहीर वेगळी होती.

दुसरा धागा वेळेचा. जेवणानंतर एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या आणि ताप फारसा नसला, तर संशय स्टॅफिलोकोकस या जिवाणूच्या विषावर जातो. दूध आटवून झाल्यावर उघड्या हाताने ढवळलेली, तासन्‌तास बाहेर राहिलेली बासुंदी त्याला पोषक. हे विष पुन्हा उकळूनही जात नाही. शिळ्या भातातल्या बॅसिलस सिरियस या जिवाणूमुळे होणाऱ्या उलट्याही इतक्याच लवकर येतात. बारा ते छत्तीस तासांनी ताप आणि जुलाब आले तर साल्मोनेला हा जिवाणू, टायफॉइडला साधारण एक ते दोन आठवडे आणि ‘अ’ प्रकारच्या काविळीला सुमारे चार. रुग्णसंख्येचा वेळेनुसार आलेख काढला की एकाच जेवणाची साथ एकदम उसळून ओसरताना दिसते. माणसाकडून माणसाला पसरणारी साथ मात्र लाटांनी चढत जाते.

नाशिककडे खास पाहण्याजोगी बाब म्हणजे भगर. पेठ, सुरगाणा, इगतपुरी, त्र्यंबकेश्वरच्या उतारांवर नागलीबरोबर वरई पिकते आणि तिची भगर करणाऱ्या गिरण्या नाशकात आहेत. महाशिवरात्र, आषाढी, नवरात्रात भगर खाऊन मळमळ, उलट्या, चक्कर आणि हातापायांना थरथर होण्याच्या घटना राज्यात वारंवार घडतात. ओलाव्यात भगरीवर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी वाढून विष तयार होते, असे अन्न व औषध प्रशासन सांगते. सुटे पीठ टाळून पाकीटबंद भगर घेण्याचा सल्ला त्यासाठीच असतो. या साथीत पंगत नसते. रुग्ण वेगवेगळ्या घरांतले असतात, स्वयंपाक वेगळा, चूलही वेगळी. म्हणून दुकान, पाकिटावरचा बॅच क्रमांक, घाऊक व्यापारी अशा उलट्या वाटेने गिरणीपर्यंत जावे लागते. उपवासाच्या दिवशी भगर बहुतेकांनीच खाल्लेली असल्याने ‘खाल्ली का’ हा प्रश्न पुरत नाही, ‘कुठून आणली, पीठ होते की दाणे’ हे विचारावे लागते.

पश्चिमेकडच्या आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात विहिरी आटतात, लोक झऱ्यांवर येतात आणि पहिल्या पावसात घाण वाहून त्याच पाण्यात मिसळते. लोक ज्याला गॅस्ट्रो म्हणतात ती साथ याच सुमारास येते. तिथे आधी पाणी शुद्ध करण्याच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचा साठा तपासतात आणि पाण्यात क्लोरीन उरला आहे का हे दाखवणारी ओटी टेस्ट पाहतात.

नमुने हा शोधाचा सर्वांत हळवा भाग. विष्ठेचा नमुना प्रतिजैविके सुरू करण्याआधी घ्यावा लागतो आणि अन्नाचा नमुना थंड ठेवून पाठवावा लागतो. बदनामीच्या भीतीने यजमान उरलेले अन्न फेकून भांडी घासून ठेवतात. अशा वेळी प्रश्नावलीतून निघालेले आकडेच पुरावा ठरतात, आणि ते नीट गोळा केलेले असतील तर पुरेसेही असतात. अन्नाचे नमुने घेण्याचा अधिकार अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ खाली अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांना आहे. रुग्णांची माहिती २००४ साली सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमातून वर जाते.

सिंहस्थात हे सगळे गणित अवघड होते. दर बारा वर्षांनी, याआधी २००३ आणि २०१५ साली, रामकुंड व कुशावर्तावर आलेल्या भाविकांपैकी कोणत्या अन्नछत्रात किती जण जेवले हे सांगता येत नाही, त्यामुळे टक्केवारीचा छेदच हाती नसतो. टायफॉइड किंवा कावीळ झालीच, तर ती यात्रेकरू आपापल्या गावी परतल्यावर दिसते. तिथल्या डॉक्टरने ‘गेल्या महिन्यात नाशिकला गेला होता का’ असे विचारले, तरच दूरदूरच्या राज्यांतले रुग्ण एका यादीत येतात.