ओळख पटते, पण माणूस दिसतो का?

वाई तालुक्यातल्या किकलीत भैरवनाथाच्या देवळापाशी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, उभे आहेत. खालून वर वाचत जायचं: लढाई, मरण, मग शिवलिंगापुढे बसलेला वीर. चेहरे मात्र सगळे एका आईच्या लेकरांसारखे. वीर कसा दिसायचा, याची पाथरवटाला फिकीर नव्हती. त्याने काय केलं एवढं कळलं की झालं. (थोरल्या शाहूंच्या खंड्या कुत्र्याची संगम माहुलीत समाधी आहे, तिच्यावर दगडी कुत्रा आहे. हे भाग्य किती माणसांच्या वाट्याला आलं असेल!)

हुबेहूब चेहऱ्याचा हट्ट इंग्रजी अमदानीतला. १८५७ साली मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली आणि युरोपीय वास्तववादी शिल्पाची शिस्त इकडे रुजली. शिल्पकार गणपतराव म्हात्रे, पुढे विनायकराव करमरकर त्याच वाटेचे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी १९३८ साली उभारलेल्या संग्रहालयात इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं 'माता आणि मूल' आहे. नाकडोळ्यांच्या साम्याशी त्या दगडाला काही देणंघेणं नाही, तरी आईपण जाणवतं.

व्यक्तिशिल्पाची खरी मेख इथेच आहे. समोर बसलेला माणूस सुरुवातीला फोटोला बसल्यासारखा ताठ असतो. शिल्पकार त्याला बोलतं करतो, मग खांदे सैल पडतात, मान सवयीच्या बाजूला कलते. पुतळा आधी मातीत घडतो, ती माती त्यानंतर खरी चढायला लागते. पण आपल्याकडचे बहुतेक पुतळे माणूस गेल्यावर होतात. हाताशी समोरून काढलेला एखादा फोटो. बाजूचं नाक, कानाची ठेवण, मानेचा मागचा भाग कुठून आणायचा? मग मुलाकडे, भावाकडे बघावं लागतं.

त्यात ठळक खुणा घात करतात. कर्मवीर भाऊराव पाटलांची पांढरी दाढी, यशवंतराव चव्हाणांची टोपी. एवढं जमलं की गावकरी ओळखतात, स्मारक समिती खूश होते. दाढीखाली जबडा झाकला जातो. म्हणून शिल्पकाराचा कस भुवया, पापण्यांची जाडी आणि बुबुळाच्या खोबणीत लागतो. खोबण उथळ राहिली तर उन्हात नजर विझते, फार खोल गेली तर माणूस रागावलेला वाटतो.

शिवाय पुतळा चौथऱ्यावर चढतो. डोळ्यांच्या उंचीवर मातीत बरोबर दिसलेली मान खालून बघताना मागे पडल्यासारखी, तोऱ्यात असल्यासारखी दिसते. म्हणून जाणता शिल्पकार ती मुद्दाम थोडी पुढे झुकवतो, आणि मातीचा नमुना बघायला कारखान्यात आलेली मंडळी त्याला हमखास विचारतात, "साहेब वाकलेत का?"