रोज रात्री नऊला येणारा व्हायरस

खालच्या मजल्यावरच्या काकांनी मला जिन्यातच गाठलं. "अरे, आमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय. रोज रात्री नऊच्या सुमाराला येतो, नेट तोडतो आणि दोन मिनिटांनी सोडतो. लेकीशी धड व्हिडिओ कॉलसुद्धा होत नाही." दिवाळीपासून हे चाललं होतं. तोवर त्यांनी एका अँटिव्हायरसचे पैसे भरले होते, शिवाय दुसरा फुकटातला बसवला होता. दुकानदार तर सगळं पुसून विंडोज नव्याने टाकू या म्हणत होता. एवढं होऊनही नऊला नेट जायचं ते जायचंच.

घरचा कॉम्प्युटर कुरकुरायला लागला की आपल्याकडे दोनच निदानं होतात, 'नेट गेलं' आणि 'व्हायरस आला'. पहिल्यात नेमकं कुठून काय गेलं याचा पत्ता नसतो. दुसरं तर पूर्वी 'बाहेरची बाधा' म्हणायचे त्याच सुरात म्हटलं जातं. मग आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

खरं तर इंटरनेटचा रस्ता तुकड्यातुकड्यांचा असतो. कॉम्प्युटर ते राउटर (घरातला वाय-फायचा डबा) हा पहिला तुकडा, बहुतेक घरांत हवेतला. राउटरपासून कंपनीच्या केंद्रापर्यंत काचेचा तंतू, म्हणजे फायबर, त्यापुढे कंपनीचं जाळं आणि मग सगळं जग. यातला कुठला तुकडा तुटला हे घरबसल्या कळू शकतं, आणि त्यासाठी लागणारं साधन विंडोजमध्ये आधीपासून असतं. त्याचं नाव पिंग. माइक मूस या अमेरिकन प्रोग्रॅमरने १९८३च्या डिसेंबरमध्ये ते लिहिलं. पाणबुडीचं सोनार आवाज सोडतं आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते मोजतं, त्या आवाजावरून हे नाव. पिंगही तेच करतं. एक चिमुकला संदेश पाठवतं आणि उत्तर किती मिलिसेकंदांत आलं ते सांगतं.

त्या रात्री पावणेनऊला मी काकांच्या खुर्चीत बसलो आणि कमांड प्रॉम्प्टच्या, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या, दोन काळ्या खिडक्या उघडल्या. एकीत पिंगपुढे राउटरचा पत्ता टाकला, १९२.१६८.१.१. दुसरीत ८.८.८.८, म्हणजे गूगलचा सार्वजनिक सर्व्हर. शेवटी उणे चिन्ह आणि टी हे अक्षर जोडलं की पिंग न थांबता चालू राहतं. राउटरकडून दोन-तीन मिलिसेकंदांत उत्तरं येत होती, गूगलकडून वीसच्या आसपास. काकू चहा घेऊन आल्या. नऊ वाजून सात मिनिटांनी दोन्ही खिडक्यांत एकदमच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' यायला लागलं.

सगळी मेख या 'एकदमच'मध्ये आहे. फक्त गूगलची उत्तरं थांबली असती आणि राउटर बोलत राहिला असता, तर दोष बहुधा घराबाहेर; कंपनीला फोन लावायचा. इथे राउटरच गप्प झाला होता. वळून पाहिलं तर त्याचे सगळे दिवे विझलेले. मग एक लागला, दुसरा लुकलुकायला लागला, दोन मिनिटांत सगळे स्थिर. राउटर बंद पडून पुन्हा सुरू होत होता.

अ‍ॅडॅप्टर काढून दिव्याखाली धरला. बारीक अक्षरांत लिहिलेलं: १२ व्होल्ट, ०.५ अँपिअर. राउटरच्या पोटावर मात्र १२ व्होल्ट, १ अँपिअर. टीव्हीमागे हात घालून सेट टॉप बॉक्सचा अ‍ॅडॅप्टर ओढला, तर राउटरचा एक अँपिअरवाला तिथे. दिवाळीच्या साफसफाईत दोघांची अदलाबदल झाली होती. पिन सारखी आणि व्होल्टही सारखे, त्यामुळे कुणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं.

व्होल्ट म्हणजे नळाला असलेला दाब आणि अँपिअर म्हणजे नळातून किती पाणी जाऊ शकतं ते. १२ गुणिले ०.५ म्हणजे फार तर ६ वॅट. दुपारी एकटा कॉम्प्युटर चालू असताना तेवढ्यात भागायचं. रात्री नऊला मुलगा, सून, नातू आणि टीव्ही सगळे एकदम नेटवर. राउटरचे रेडिओ जोरात काम करायला लागले की ६ वॅट पुरत नाहीत, व्होल्ट खाली येतात आणि राउटर मान टाकतो. अ‍ॅडॅप्टर बरोबर असला तरी काही वर्षांनी त्यातले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, सुकू शकतात, तेव्हाही हेच होतं. म्हणून रोज ठराविक वेळी नेट जात असेल तर घड्याळाकडे बघा आणि त्या वेळी घरात काय काय चालू असतं ते आठवा. मायक्रोवेव्ह साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि वाय-फायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. राउटर ओट्याशेजारी असेल तर जेवण गरम करताना नेट अडखळू शकतं. अशा वेळी ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जायचं.

बाकीची लक्षणं झटपट सांगतो. फायबरच्या डब्यावर 'एलओएस' नावाचा दिवा लाल झाला, तर प्रकाशच येत नाहीये. कपाट सरकवताना पिवळी वायर मुडपली का ते आधी बघा, कारण काचेच्या तंतूला तीव्र वळण दिलं की प्रकाश बाहेर सांडतो. कॉम्प्युटरचा पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ताच दिलेला नाही आणि बिचाऱ्याने स्वतःच एक ठरवून घेतलाय. नेट फक्त लॅपटॉपचं जात असेल आणि फोनचं टिकत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटखाली वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करायची जी मुभा असते, ती काढून टाका.

एक गंमत बहिणीच्या जुन्या कॉम्प्युटरची. प्रत्येक साइट 'सुरक्षित नाही' म्हणून उघडायला नकार देई. घरात व्हायरसचा बोभाटा. उजव्या कोपऱ्यात पाहिलं तर तारीख कित्येक वर्षं मागची, १ जानेवारी. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता. साइटच्या प्रमाणपत्राला 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' अशी मुदत असते, आणि कॉम्प्युटरच भूतकाळात असेल तर त्याला ते खोटंच वाटणार. सेलवर सीआर २०३२ लिहिलेलं असतं: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. घड्याळवाल्याकडे मिळतो.

मग काकांच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस नव्हताच का? काका ते मानायला तयार नव्हते. "मग हे काय?" त्यांनी बोट दाखवलं. खालच्या कोपऱ्यातून लाल चौकट सरकत वर आली: 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस!' ही चौकट ब्राउझरची सूचना होती. कुठल्याशा साइटने 'तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाउ दाबा' म्हटलं आणि काकांनी दाबलं. तेवढ्याने त्या साइटला रोज दार वाजवायचा परवाना मिळाला. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या यादीतून तिचं नाव काढलं, खेळ खलास. अशा चौकटीत फोन नंबर असेल तर तो चुकूनही लावू नये. खरा अँटिव्हायरस फोन करायला सांगत नाही.

सध्याच्या घातक प्रोग्रॅमना तुमचं नेट तोडण्यात काही रस नसतो. पासवर्ड चोरून पाठवायचे तर रस्ता चालू हवा. चोर आपली शिडी आपण होऊन कशाला पाडेल? पूर्वी हे इतकं सरळ नव्हतं. ऑगस्ट २००३मध्ये आलेला ब्लास्टर नावाचा घातक प्रोग्रॅम विंडोजला ६० सेकंदांची मुदत देऊन बंद पाडायचा.

व्हायरसमुळे खरोखर नेट गेल्याचं माझं आवडतं उदाहरण डीएनएसचेंजरचं. आपण नाव टाइप करतो, कॉम्प्युटरला आकडे लागतात. हे भाषांतर करतो डीएनएस सर्व्हर, इंटरनेटची चौकशीची खिडकी. एस्टोनियातल्या एका टोळीने १००हून अधिक देशांतल्या ४० लाखांवर कॉम्प्युटरमध्ये या खिडकीचा पत्ता गुपचूप बदलला आणि लोकांना आपल्या जाहिरातींकडे वळवलं. नोव्हेंबर २०११मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या तपासातून टोळी पकडली गेली. पण ते खोटे सर्व्हर तडकाफडकी बंद केले असते तर लाखो लोकांचं नेट त्या क्षणी गेलं असतं! म्हणून न्यायालयाच्या परवानगीने त्याच पत्त्यांवर चांगले सर्व्हर चालवले गेले, ९ जुलै २०१२पर्यंत. तोवर ज्यांनी सफाई केली नाही, त्यांना त्या दिवशी नावाने एकही साइट सापडेना. ८.८.८.८ला पिंग केलं असतं तर मात्र उत्तर आलं असतं. आकड्याला उत्तर येतंय आणि नावाला नाही, तर डीएनएस तपासा, राउटरमधलासुद्धा. राउटरचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच असेल तर आधी तो बदला.

२००८च्या कॉन्फिकर या व्हायरसची खूण आणखी मजेदार होती. सगळं जग उघडायचं, फक्त अँटिव्हायरस कंपन्यांच्या साइट उघडायच्या नाहीत. ओळखण्यासाठी लोकांनी डोळ्याच्या डॉक्टरांकडच्या तक्त्यासारखं पान बनवलं होतं. त्यात सुरक्षा कंपन्यांची चिन्हं दिसली नाहीत तर लागण झालेली.

शंका फिटत नसेल तर विंडोजच्याच डिफेंडरमधला ऑफलाइन स्कॅन चालवावा. पंधराएक मिनिटं लागतात. विंडोज उठायच्या आधी तो तपासणी करतो, त्यामुळे लपलेल्याला लपायची सोय राहत नाही. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राचीही मोफत साधनं आहेत. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला फोन.

काकांच्या घरी अ‍ॅडॅप्टर आपापल्या जागी गेले. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर दोन्हींवर पांढरी चिकटपट्टी आणि काकूंच्या अक्षरात 'नेट' आणि 'टीव्ही'. दोन अँटिव्हायरस एकाच फाइलवर झडप घालतात आणि कॉम्प्युटर मंदावतो, म्हणून एक काढू या म्हटलं. "राहू दे रे," काका म्हणाले, "असला म्हणजे बरं असतं."