विज्ञान महोत्सवात मोफत उपक्रम मांडायचा आहे? पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज भरताना होणाऱ्या चुका

विज्ञान महोत्सव नुसता बघायचा असेल, तर बहुतेक ठिकाणी अर्जबिर्ज काही लागत नाही. मंडप सगळ्यांना खुला असतो. आधी नोंदणी लागते ती मोजक्या जागांच्या कार्यशाळांना, तारांगणाच्या खेळांना आणि शाळेच्या गटांना. गट आणायचा असेल तर मुलांची यादी, सोबतच्या शिक्षकांची नावं, एक तातडीचा संपर्क क्रमांक आणि चाकाची खुर्ची किंवा सांकेतिक भाषेचा दुभाषी लागणार असल्यास तशी नोंद, एवढं पुरतं.

महोत्सवात स्वतःचा प्रयोग, व्याख्यान किंवा दुर्बीण घेऊन उभं राहायचं असेल, तर अर्ज छाननीतून जातो. चांगले उपक्रम अडकतात ते बहुधा दोन जागी: उपक्रमाच्या वर्णनात आणि जोखीम पत्रकात. बाकीचे रकाने एका बैठकीत भरून होतात.

अर्ज कोणाला करता येतो

शाळा, महाविद्यालयं, संशोधन संस्था, ग्रंथालयं, हौशी खगोल मंडळं, निसर्ग गट यांना तर येतोच; पण पाठीशी संस्था नसलेल्या एकट्या माणसालाही बरेच महोत्सव जागा देतात. पदवीची अट सहसा नसते. अर्जदार सज्ञान हवा. शाळकरी मुलांचा प्रकल्प असेल तर अर्ज शिक्षकाच्या किंवा पालकाच्या नावाने करायचा आणि मुलांची नावं सहभागी म्हणून द्यायची.

‘मोफत’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्या. तिकीट नाही, अनामत नाही, ‘ऐच्छिक’ देणगीचा डबा नाही आणि टेबलावर विक्रीही नाही. शेवटी क्लासची पत्रकं वाटायची असतील, तर तो प्रायोजकाचा अर्ज झाला. त्याचा फॉर्म वेगळा असतो. सामान्य फॉर्ममध्ये हे लपवलेलं मंडपात लगेच उघड होतं, आणि मग टेबल बंद करावं लागतं.

वर्णन: पाहुण्याचे हात काय करतील ते लिहा

‘प्रकाशाच्या गुणधर्मांची रंजक माहिती दिली जाईल’ या वाक्यावरून छाननी करणाऱ्याला काहीच ठरवता येत नाही. तोच उपक्रम असा लिहा: ‘मूल पुठ्ठ्याच्या नळीच्या एका टोकाला बारीक चीर पाडलेला कागद लावतं, दुसऱ्या टोकाला जुन्या सीडीचा तुकडा तिरका बसवतं आणि आधी जुन्या तारेच्या बल्बकडे, मग जुन्या, एलईडी नसलेल्या ट्यूबलाइटकडे बघतं. बल्बचा रंगपट्टा अखंड दिसतो, ट्यूबलाइटमध्ये सुट्या रेषा ठळक दिसतात. दिसलं ते मूल रंगीत खडूने काढतं.’ एवढं वाचलं की टेबल किती मोठं लागेल, अंधारा कोपरा हवा का, किती वर्षांच्या मुलाला जमेल, हे सगळं कळतं.

त्याच्या खाली हिशेब द्या. एका खेपेला 6 मुलं, 7 मिनिटं काम आणि 1 मिनिट आवराआवर. म्हणजे तासाला 7 खेपा, 42 मुलं. चार तासांत 168. थोडं नुकसान धरून 180 संच. एका सीडीचे 8 तुकडे होतात, म्हणजे 23 सीड्या. तुकड्यांच्या कडा धारदार असतात. ते घरूनच कापून, कडांना चिकटपट्टी लावून आणायचे, हेही याच रकान्यात लिहा. बऱ्याच अर्जांत ‘अंदाजे 1000 लाभार्थी’ असं लिहिलेलं असतं आणि साहित्याच्या यादीत 50 संच. त्रुटीपत्र, म्हणजे अर्जातल्या उणिवा विचारणारं पत्र, तिथूनच येतं.

दुर्बिणीचा हिशेब वेगळा पडतो. माणशी 40 सेकंद धरले तर तासाला 90 जण. पण आकाश थांबत नाही. 100 पट वर्धन आणि 50 अंशांचं दर्शनी क्षेत्र असलेली नेत्रिका (डोळा लावायचं भिंग) घेतली, तर डोळ्याला जेमतेम अर्धा अंश आकाश दिसतं. पृथ्वीच्या फिरण्यामुळे गुरूसारखा ग्रह ते अर्धा अंश साधारण दोन मिनिटांत ओलांडतो. मध्यभागी आणलेला असेल तर मिनिटभरात कडेला जातो. मागोवा घेणारी मोटर नसेल, तर दर एक-दोन माणसांनंतर ग्रह पुन्हा मध्ये आणावा लागणार. म्हणून दुर्बिणीपाशी एक आणि रांगेत एक, अशी दोन माणसं अर्जात दाखवा. एकच दाखवली तर रांग तुंबणार हे छाननीत लगेच लक्षात येतं. ढगाळ हवामानासाठी पर्यायी उपक्रमही लिहा. तो रकाना रिकामा ठेवू नये.

जोखीम पत्रक

या पत्रकात सहसा चार रकाने असतात: धोका काय, कोणाला, टाळण्यासाठी काय करणार, जबाबदार कोण. ‘योग्य ती काळजी घेतली जाईल’ हे उत्तर धरलं जात नाही. प्रत्येक ओळीत वस्तू, अंतर, प्रमाण आणि माणूस दिसला पाहिजे.

सूर्यदर्शनाच्या अर्जांत एक चूक फार वेळा होते: दुर्बिणीच्या उपक्रमाला ग्रहणाच्या चष्म्यांचं आयएसओ 12312-2 प्रमाणपत्र जोडलेलं असतं. ते मानक नुसत्या डोळ्याने बघण्याच्या साधनांसाठी आहे, दुर्बिणीसाठी नाही. दुर्बिणीला सौर गाळणी पुढच्या तोंडावरच लागते, आणि वाऱ्याने किंवा एखाद्या लहान हाताने निघणार नाही अशी घट्ट बसवलेली. नेत्रिकेवर बसवायची गाळणी चालत नाही, कारण तिथे एकवटलेल्या उष्णतेने ती तडकते आणि उघड्या सूर्याचा झोत थेट डोळ्यात जातो. मोठ्या दुर्बिणीवर बसवलेली शोधक दुर्बीण झाकून ठेवणार, हेही लिहायचं. ती छोटी नळी विसरली जाते, आणि मुलं नेमकी तिच्यातूनच डोकावतात.

लेसर वर्ग 2 चा, म्हणजे दृश्य प्रकाशात 1 मिलिवॉटच्या आतला हवा. लेबलवर विसंबू नका. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने 122 लेसर पॉइंटर तपासून 2013 मध्ये निकाल मांडले, तेव्हा जवळपास 90 टक्के हिरवे आणि 44 टक्के लाल पॉइंटर सुरक्षा नियमांत बसले नव्हते. शक्ती मोजता येत नसेल तर एलईडीवर काम भागवा.

द्रव नायट्रोजनसाठी जागेचं गणित जोडावं लागतं. त्याचं तापमान उणे 196 अंश सेल्सियस. एक लिटर द्रवापासून खोलीच्या तापमानाला सुमारे 700 लिटर वायू होतो. 4 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि 3 मीटर उंच खोलीत 48 घनमीटर हवा असते. तिथे 10 लिटर सांडून उडून गेला, तर 7 घनमीटर वायू तयार होतो आणि ऑक्सिजन 20.9 वरून जवळपास 18 टक्क्यांवर येतो. 19.5 टक्क्यांखाली हवेत ऑक्सिजन कमी आहे असं धरतात, आणि माणसाला त्याची चाहूलही लागत नाही. म्हणून हा प्रयोग उघड्यावर किंवा मोठ्या हवेशीर सभागृहात करायचा, पाहुण्यांपासून अंतर राखून. द्रव ठेवायचं भांडं कधीही घट्ट बंद करायचं नाही. कोरडा बर्फही (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) झाकणबंद बाटलीत ठेवायचा नाही. वायूच्या दाबाने बाटली फुटते.

बाकीचं थोडक्यात. जीवाणू वाढवलेल्या पेट्री डिश सीलबंद ठेवून फक्त दाखवायच्या. पाहुण्यांच्या रक्ताचे किंवा लाळेचे नमुने घेऊ नयेत. सूक्ष्मदर्शकाखाली तळ्याचं पाणी जास्त रंगतं. निओडिमियमची छोटी चुंबकं लहान मुलांच्या टेबलावर नकोत. दोन गिळली गेली तर ती आतड्याच्या भिंतींतून एकमेकांना चिकटून भोकं पाडतात. स्थिर विद्युत जनित्राजवळ पेसमेकर असलेल्यांसाठी ठळक सूचना हवी. फुगे असतील तर लॅटेक्सच्या ॲलर्जीची. लुकलुकणारा दिवा सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकू देऊ नका, अपस्माराचा झटका येऊ शकतो.

विजेच्या रकान्यात ‘एक प्लग पॉइंट’ लिहून भागत नाही. वॉटची बेरीज द्या. लॅपटॉप 65, प्रोजेक्टर 300 आणि पाणी गरम करायला आणलेली किटली 2000. ही किटली नेहमी यादीतून सुटते आणि ओळीतल्या सगळ्या टेबलांची वीज घालवते. गुंडाळीचा एक्स्टेंशन असेल तर वायर पूर्ण उलगडूनच वापरायची. गुंडाळलेली वायर जास्त भाराखाली तापते.

कागदपत्रे

अर्जदाराचं ओळखपत्र, संस्था असल्यास प्रमुखाच्या सहीचं पत्र, टेबलाचा हाताने काढलेला तरी मापांसकट आराखडा, साहित्याची यादी, रसायनं असल्यास प्रत्येकाचं सुरक्षा माहिती पत्रक, जोखीम पत्रक आणि स्वयंसेवकांची नावं. रसायनाची तीव्रता लिहायला विसरू नका: 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि 30 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड यांची परवानगी एक नाही, कारण दुसऱ्याने कातडी भाजते. मुलांचे फोटो काढणार असाल तर पालकांच्या संमतीपत्राचा नमुना जोडा. विमा महोत्सवाचा आहे की तुम्हाला स्वतःचा काढावा लागेल, हे अर्जाआधी लेखी विचारून घ्या. ड्रोन उडवणं किंवा आकाशात लेसर सोडणं यांना हवाई वाहतूक यंत्रणेची वेगळी परवानगी लागू शकते आणि तिला वेळ लागतो. तिची पोचपावती तरी अर्जासोबत हवी.

अर्ज दिल्यानंतर

पोच क्रमांक जपून ठेवा आणि पुढचा सगळा पत्रव्यवहार त्याच क्रमांकावर करा. त्रुटीपत्र म्हणजे नकार नव्हे. विचारलेल्या मुद्द्यांचीच उत्तरं, त्याच क्रमाने, मुदतीत द्या. उत्तर देताना अख्खा उपक्रम बदलला, तर छाननी पहिल्यापासून सुरू होते. मंजुरीपत्रात टेबल क्रमांक, सामान आणायची वेळ आणि अटी असतात. त्या अटी टेबलावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाला वाचायला द्या, कारण सकाळी तपासनीस येतो तेव्हा अर्जदार बहुधा गाडीतून सामान उतरवत असतो.

तपासणीत पत्रकातली प्रत्येक ओळ प्रत्यक्ष वस्तूशी ताडून बघतात: गाळणी ओढून पाहतात, अग्निशामकाची तारीख वाचतात, चष्मे मोजतात. पत्रकात नसलेली वस्तू त्या दिवशी मांडता येत नाही, मग ती कितीही निरुपद्रवी असो. महोत्सव संपल्यावर उरलेली रसायनं आणि पेट्री डिश मंडपाच्या कचरापेटीत टाकायच्या नसतात. त्या परत नेऊन प्रयोगशाळेत नष्ट करणार, असं अर्जातच लिहून द्यावं लागतं. शेवटच्या अहवालात पाहुण्यांची संख्या अंदाजाने लिहू नका. सुरुवातीचे संच वजा उरलेले आणि वाया गेलेले संच, हा आकडा खरा असतो, आणि पुढच्या वर्षी मोठं टेबल मागताना हाच कामाला येतो.