व्हिडिओ डोअरबेल: बॅटरीवरची की वायरची?

व्हिडिओ डोअरबेल घ्यायचे ठरले की बॅटरीवरची घ्यावी की वायरची, असा प्रश्न लगेच पुढे येतो आणि बहुतेक जण तो चार्जिंगच्या कटकटीपुरता मर्यादित ठेवतात: एक अधूनमधून काढून चार्ज करावी लागते, दुसरी लागत नाही, एवढाच फरक. माझ्या मते यात मुख्य गोष्ट सुटते. वीज कुठून येते यापेक्षा त्या विजेवर कॅमेरा सतत जागा राहू शकतो की नाही, हे जास्त महत्त्वाचे आहे, कारण बाकीचे बहुतेक फरक त्यातूनच निघतात.

थोडा हिशेब करून पाहू. बॅटरीवर चालणाऱ्या डोअरबेलमध्ये बहुधा 5000 ते 6500 मिलिअँपिअर-तासांची लिथियम-आयन बॅटरी असते. तिचा व्होल्टेज 3.6 धरला तर तिच्यात 18 ते 23 वॉट-तास ऊर्जा मावते. कॅमेरा, वाय-फाय आणि चित्रावर प्रक्रिया करणारी चिप असे सगळे अखंड चालू ठेवले तर 2 ते 3 वॉट सहज लागतात, म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी सहा ते बारा तासांत रिकामी होईल. तरीही खोक्यावर काही महिने चालण्याचा दावा असतो आणि तो अगदीच निराधार नसतो, कारण या डोअरबेलमधला कॅमेरा दिवसाचा जवळजवळ सगळा वेळ झोपलेला असतो. जागा असतो तो पीआयआर सेन्सर. समोरून माणूस गेला की त्याच्या अंगाच्या उष्णतेमुळे होणारा बदल तो टिपतो, त्याला वीज नगण्य लागते आणि कॅमेऱ्याला उठवण्याचे काम तोच करतो.

हे उठणे क्षणार्धात होत नाही. कुरिअरवाला लिफ्टमधून बाहेर येतो, दारापाशी पार्सल ठेवतो आणि वळतो, तोवर चित्रीकरण सुरू होते, आणि फोनवर पाहावे तर त्याची पाठ आणि मिटत आलेले लिफ्टचे दार एवढेच दिसते. बेल वाजवून थांबलेल्या पाहुण्याच्या बाबतीत याने काही बिघडत नाही. पण न वाजवता येऊन गेलेल्या माणसाचा चेहरा पाहायचा असेल, तर नेमके हेच पहिले दोन-तीन सेकंद हवे असतात. काही नव्या बॅटरी मॉडेलमध्ये हालचालीच्या आधीचे थोडे सेकंद कमी दर्जाच्या चित्रात साठवण्याची सोय आहे, मात्र तिची किंमत बॅटरीच मोजते.

वायरवर चालणाऱ्या डोअरबेलला ही काटकसर करावी लागत नाही. तिचा कॅमेरा सतत पाहत असतो, आधीचे काही सेकंद तिच्या स्मृतीत असतातच, आणि काही मॉडेल चोवीस तासांचे अखंड चित्रीकरणही करतात. वर्षभर 3 वॉट अखंड खर्च झाले तरी ते साधारण 26 युनिट होतात, त्यामुळे वीजबिलाची काळजी करण्याचे कारण नाही.

गोंधळ खरा वाढतो तो मधल्या प्रकारामुळे. बॅटरीच्या अनेक डोअरबेलना मागच्या बाजूला दोन स्क्रू असतात आणि ‘वायरलाही जोडता येते’ असे खोक्यावर छापलेले असते. ग्राहकाचा समज होतो की वायर जोडली की ती वायरची डोअरबेल झाली. प्रत्यक्षात त्या दोन तारांमधून आतली बॅटरी हळूहळू भरत राहते, एवढेच होते. डोअरबेल चालते बॅटरीवरच, कॅमेरा झोपतो तसाच झोपतो आणि अखंड चित्रीकरण तिला बहुधा जमत नाही. खोक्यावरचा ‘वायर’ हा शब्द वाचून पैसे देण्याआधी आत बॅटरी आहे का, एवढे विचारावे.

आता आपल्या घरांतल्या तारांविषयी, कारण इथे चूक झाली तर ती महागात पडते. अमेरिकेतल्या घरांमध्ये बेलसाठी वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि दारावरच्या बटणाकडे बहुधा 16 ते 24 व्होल्टची सौम्य एसी वीज येते. ‘जुने बटण काढा आणि त्याच दोन तारा डोअरबेलला जोडा’ ही माहितीपत्रकातली सूचना त्या घरांसाठी लिहिलेली असते. आपल्याकडची नेहमीची डिंगडाँग बेल थेट 230 व्होल्टवर चालते. बोर्डातून निघालेली फेज बटणात येते, बटण दाबले की पुढे बेलपर्यंत जाते, आणि न्यूट्रल बेलला परस्पर मिळालेला असतो. दाराबाहेरची पट्टी उघडून टेस्टर लावला की एका तारेवर दिवा लख्ख पेटतो, तो या 230 व्होल्टचा. 24 व्होल्टसाठी बनवलेली डोअरबेल या तारांना लावणे म्हणजे ती जाळणे होय.

माझ्या मावशीच्या घरी नेमके हेच घडले. वायरमनने माहितीपत्रकातले चित्र पाहून तारा जोडल्या. बटण पहिल्यांदा दाबताच बारीक आवाज झाला, जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि आठवड्यापूर्वी घेतलेली डोअरबेल कायमची बंद पडली. त्या वायरमनला दोष द्यावासा मला वाटत नाही, कारण चित्रात दोन तारा होत्या आणि भिंतीतूनही दोनच तारा बाहेर आल्या होत्या. पण ओल्या हाताने बटण दाबणाऱ्या एखाद्या मुलाला त्या बिघडलेल्या जोडणीचा झटका बसला असता, या विचाराने आजही जीव घाबरा होतो.

दुसरी अडचण अशी की बटणापाशी न्यूट्रल नसतो, त्यामुळे छोटा अ‍ॅडॅप्टर तिथेच पट्टीमागे बसवून टाकू हा मार्गही बंद असतो. त्यातल्या त्यात सोपा उपाय म्हणजे डोअरबेलच्या इनपुटशी जुळणारा अ‍ॅडॅप्टर किंवा ट्रान्सफॉर्मर घराच्या आत, बोर्डाजवळ बसवणे, आणि बटणाकडे जाणाऱ्या दोन्ही तारा 230 व्होल्टच्या जोडणीतून पूर्णपणे सोडवून त्यांतूनच कमी व्होल्टची वीज दारापर्यंत नेणे. त्यासाठी त्या तारांची आतली टोके कुठे निघतात ते शोधावे लागते, एमसीबी बंद करून काम करावे लागते, आणि ते जाणत्या वायरमननेच करावे. अशा जोडणीत जुनी डिंगडाँग बाद होते आणि तिच्या जागी प्लगमध्ये बसणारी बिनतारी बेल आत लावावी लागते. अ‍ॅडॅप्टर घेताना व्होल्टेज, एसी की डीसी आणि अँपिअर हे तिन्ही आकडे जुळवून घ्यावेत. क्षमता अपुरी असली तर डोअरबेल दिवसा व्यवस्थित चालते आणि रात्री अंधारातल्या चित्रासाठीचे इन्फ्रारेड दिवे लागले की बंद पडून पुन्हा सुरू होत राहते. मग दोष वाय-फायला दिला जातो.

वीज गेली तर काय, हा आपल्याकडचा रास्त प्रश्न आहे आणि बॅटरीच्या बाजूने तोच पुढे केला जातो. वायरची डोअरबेल वीज जाताच बंद पडते हे खरे. पण त्याच क्षणी घरातला राउटरही बंद पडतो, त्यामुळे बॅटरीवरची डोअरबेल जागी असूनही तिची सूचना फोनपर्यंत पोहोचत नाही. राउटरला छोटा यूपीएस लावला किंवा तो इन्व्हर्टरवर घेतला, तरच बॅटरीचा हा फायदा हाती लागतो. आणि इन्व्हर्टर असेलच, तर वायरच्या डोअरबेलचा अ‍ॅडॅप्टरही त्याच लाइनवर घेता येतो.

उन्हाचा विचार मात्र दोन्हींत वेगळा करावा लागतो. लिथियम-आयन बॅटरी साधारणपणे 0 ते 45 अंश सेल्सिअस या मर्यादेतच चार्ज करायची असते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पश्चिमेला तोंड असलेल्या दारावर, उन्हात तापलेल्या काळ्या प्लास्टिकच्या आत, ही मर्यादा सहज ओलांडली जाते आणि बॅटरीचे आयुष्य घटते. न्यू जर्सीतल्या आपल्या नातेवाइकांना उलट अनुभव येतो: जानेवारीत पारा शून्याखाली गेला की तारा जोडलेल्या असूनही मधल्या प्रकारातली बॅटरी भरत नाही आणि उतरत जाते.

सोसायटीच्या पॅसेजमध्ये बॅटरीचा खर्च मोकळ्या बंगल्यापेक्षा कितीतरी जास्त होतो. एका मजल्यावर चार घरे, मधे लिफ्ट, सुटीत खेळणारी मुले. प्रत्येक हालचालीला कॅमेरा उठतो. त्यात राउटर काँक्रीटच्या भिंतीपलीकडे आणि मधे लोखंडी सेफ्टी डोअर असले तर सिग्नल टिकवण्यातही वीज जाते, आणि महिन्यांचा दावा आठवड्यांवर येतो. ॲपमध्ये हालचालीची कक्षा आपल्या दारापुरती आखली तर बराच फरक पडतो.

भाड्याच्या घरात, जिथे भिंत फोडता येत नाही, तिथे बॅटरीचीच घ्यावी; फक्त बॅटरी वेगळी निघणारी असावी आणि शक्य असल्यास एक जादा ठेवावी. पण वयस्कर आईवडील गावी एकटे राहतात आणि त्यांच्यासाठी मुलगा शहरातून डोअरबेल बसवतो, तिथे मी आग्रहाने वायरचीच सुचवते. बॅटरी संपत आल्याची सूचना येते पुण्यातल्या मुलाच्या फोनवर, आणि बॅटरी काढायची असते साताऱ्यातल्या दारावरून, बारीक स्क्रू फिरवून, सत्तरीतल्या हातांनी. पुढच्या भेटीत काढू म्हणता म्हणता जिच्या भरवशावर निर्धास्त झालो ती बेल महिना महिना बंद राहते, आणि हे मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे.

घराचे काम निघालेच असेल तर प्लॅस्टर होण्याआधी दाराच्या चौकटीपर्यंत एक रिकामा पाइप आणि त्यातून नेटवर्कची केबल ओढून घ्यावी. पीओई प्रकारच्या डोअरबेलला वीज आणि इंटरनेट दोन्ही याच एका केबलमधून मिळतात, 100 मीटरपर्यंत अंतर चालते आणि वाय-फायचा प्रश्नच उरत नाही. ही केबल 230 व्होल्टच्या तारांच्या पाइपातून नेऊ नये, एवढे वायरमनला काम सुरू होण्याआधीच सांगून ठेवावे.